मामांच्या अंगात करंट आला तो हिवाळा

मामांना पहिला शॉक बसला तेव्हा मी स्वयंपाकघरात पोहे परतत होते. बाहेरून "आयला!" अशी आरोळी आली आणि पाठोपाठ तांब्या पडल्याचा आवाज. धावत गेले, तर मामा बाल्कनीच्या दारापासून हातभर लांब उभे. उजव्या हाताचं बोट डाव्या मुठीत घट्ट धरलेलं, आणि नजर दाराच्या लोखंडी कडीवर. कडीनं त्यांना भर चौकात शिवी दिल्यासारखी ती नजर होती.

"चावली," ते म्हणाले.

"काय चावलं?"

"कडी."

मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडं सासऱ्यांना मामा आणि सासूला आत्ती म्हणतात. दोघं राहतात पेठ वडगावजवळच्या एका खेड्यात, पण त्या वर्षी आत्तींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि हिवाळाभर दोघं आमच्या राजारामपुरीतल्या फ्लॅटवर राहायला आली. आत्ती मजेत होत्या. वॉकर धरून घरभर फिरायच्या, समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंशी दुपारभर गप्पा मारायच्या. हाल झाले ते मामांचे. त्यांचा आवाज शेताच्या या बांधावरून त्या बांधावर पोचण्यासाठी घडलेला. फ्लॅटमध्ये त्यांनी "चहा झाला का?" विचारलं की खालच्या मजल्यावरून "झाला, या की" असं उत्तर यायचं. करायला काही नाही, ओरडायला कुणी नाही. सकाळी उठायचं, बाल्कनीपाशी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसायचं आणि खालून जाणाऱ्या रिक्षा बघत कुढायचं.

त्यांना बरं वाटावं म्हणून माझ्या नवऱ्यानं त्यांना एक लोकरीसारखं दिसणारं, पण लोकरीशी काहीही संबंध नसलेलं मऊ ब्लँकेट आणून दिलं. फरशी गार लागते म्हणून फोमच्या जाड स्लीपरही. त्यांच्या चामड्याच्या चपला दाराबाहेर कोपऱ्यात पडून राहिल्या. आता ब्लँकेट पांघरून, प्लॅस्टिकच्या खुर्चीत अंग घुसळत घुसळत बसायचं आणि मग फोमच्या स्लीपर घालून उठायचं, असा मामांचा दिनक्रम झाला.

मी एका क्लासमध्ये आठवी-नववीच्या मुलांना विज्ञान शिकवते. त्यामुळं मला कडी का चावली हे लगेच कळलं. पण सांगायची संधीच मिळाली नाही. मामांनी वायरमनला बोलवायला लावलं होतं.

वायरमन आला. त्यानं कडीला टेस्टर लावला, काही नाही. भिंतीला लावला, फ्रिजला लावला, गिझर उघडून बघितला, अर्थिंग तपासलं. सगळं ठीक.

"पावणं, लाईनीत काय बी न्हाय," तो म्हणाला.

"न्हाय कसं? तीनदा चावलं मला!" मामा ताडकन खुर्चीतून उठले. ब्लँकेट चरचर करत खाली घसरलं. "न्हाय म्हणजे मी खोटं बोलतोय व्हय?"

वायरमन वैतागला होता. थट्टा म्हणून त्यानं हातातला टेस्टर मामांच्या कोपराला टेकवला.

टेस्टरचा दिवा लागला. क्षणभरच, डोळा मिचकावल्यासारखा, पण लागला. आम्ही सगळ्यांनी बघितला.

वायरमन दोन पावलं मागं सरकला. "आईशप्पत!" तो म्हणाला. "काका, लाईट तुमच्यातच हाय की!"

मामा आपल्या कोपराकडं बघत होते. आणि मग आतल्या खोलीतून, पलंगावर पाय लांब करून बसलेल्या आत्तींचा आवाज आला, "बघा! लग्नाला इतकी वर्सं झाली, आज पयल्यांदा ह्यांच्यात करंट आला!"

वायरमन गेल्यावर मी मामांना समोर बसवलं आणि नीट समजावून सांगितलं. म्हटलं, मामा, प्रत्येक वस्तूत दोन प्रकारचा प्रभार असतो, धन आणि ऋण. दोन्ही सारखे असतात म्हणून एरवी काही कळत नाही. पण दोन वस्तू एकमेकींवर घासल्या की एकीतला थोडा ऋण प्रभार दुसरीत जातो. मग एकीकडं जास्त, एकीकडं कमी. तुमच्या पायात फोम, खाली जमिनीत जायला वाट नाही, म्हणून ते तुमच्या अंगावरच साठून राहतं. लोखंडाला हात लागला की ठिणगी होऊन जातं. त्याला स्थितिक विद्युत म्हणतात. हिवाळ्यात हवा कोरडी असते म्हणून जास्त होतं.

मामांनी सगळं डोळे बारीक करून ऐकलं. मग विचारलं, "म्हंजे ब्लँकेटचं माझ्याकडं येतंय का माझं ब्लँकेटकडं जातंय?"

ते कापडावर अवलंबून असतं, खुर्चीवर असतं, आणि या ब्लँकेटचं काय ते मला ठाऊक नव्हतं.

"दोन्हीपैकी एक," मी म्हटलं.

"तू मास्तरीण हाईस न्हवं?"

"हो."

"बरं," ते म्हणाले, आणि मला वाटलं, त्यांनी मनातल्या मनात माझ्या क्लासच्या मुलांबद्दल दोन मिनिटं शांतता पाळली.

मी म्हटलं, उपाय सोपा आहे. तुमच्या चामड्याच्या चपला घाला, नाहीतर अनवाणी फिरा, आणि ते ब्लँकेट काढून आपली सुती चादर घ्या. जे साठतं ते आपोआप जमिनीत निघून जाईल.

मामांनी मान हलवली. पण दुसऱ्या दिवशीही त्यांच्या पायात फोमच्याच स्लीपर होत्या. तिसऱ्या दिवशीही. आणि मग माझ्या लक्षात आलं की त्यांना ते घालवायचंच नव्हतं.

त्याला कारण समोरच्या काकू. त्या बँकेतून निवृत्त झालेल्या, अतिशय शिकलेल्या, आणि कुठल्याही उपचारावर चटकन विश्वास ठेवणाऱ्या. त्यांचा खांदा वर्षभर धरला होता. आत्तींकडून त्यांनी टेस्टरची गोष्ट ऐकली आणि सरळ मामांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊ, माझ्या खांद्याला एकदा लावा."

"काय लावू?"

"बोट."

मामांनी माझ्याकडं बघितलं. मी मान जोरात नकारार्थी हलवली. त्यांनी ती बघितलीच नाही असं दाखवलं, खुर्चीत चांगलं घुसळून घेतलं, उठले, आणि पुजाऱ्यानं गंध लावावं तसं बोट पुढं करून काकूंच्या खांद्यापाशी नेलं. काकूंच्या गळ्यातल्या साखळीवर टच् असा आवाज झाला. काकू किंचाळल्या, हात झटकला आणि झटकता झटकता तो डोक्याच्या वर गेला.

"उचलला!" काकू ओरडल्या. "वर्षभरात पहिल्यांदा उचलला!"

दचकल्यावर माणूस कुठलाही हात उचलतो, असं मी सांगत होते. ऐकतंय कोण? संध्याकाळपर्यंत बिल्डिंगमध्ये बातमी झाली. मामांच्या समोर दोन आजोबा आणि एक मधुमेही बाई येऊन बसली. चेअरमन आले तेव्हा मात्र मी मध्ये पडले, कारण त्यांच्या छातीत ठोके नीट ठेवणारं यंत्र बसवलेलं होतं. ते रागावून गेले. आपल्याला मुद्दाम वगळलं असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी पुढच्या मीटिंगला आमच्या पार्किंगचा विषय काढला.

मामा बदलून गेले. सकाळी लवकर अंघोळ, डोक्याला तेल, स्वच्छ टोपी. ब्लँकेट नीट घडी घालून खुर्चीवर ठेवायचं, दुसऱ्या कुणी त्याला हात लावायचा नाही. कुणी आलं की आधी त्याची विचारपूस, गाव कुठलं, पावणं कोणाचं, ऊस किती लावलाय, आणि मग शेवटी बोट. लोकांना बोटापेक्षा विचारपूसच जास्त आवडत असावी, असं मला आता वाटतं. राजारामपुरीत एवढ्या मोठ्या आवाजात "कसं हाय तुमचं?" असं कुणी कुणाला विचारत नव्हतं.

"अवं, डागदर!" आत्ती आतून हाक मारायच्या. "माझ्या गुडघ्याला लावा की एकदा!"

"तुज्या गुडघ्यात आता स्टील हाय. मला धक्का बसंल," मामा म्हणायचे.

याच दिवसांत म्हशीचा विषय निघाला.

गावाकडं मामा-आत्तींची एकच म्हैस राहिली होती. काळीभोर, भरीव, आणि स्वभावानं एखाद्या मामलेदारणीसारखी. ती आत्तींशिवाय कुणाला जवळ येऊ देत नसे. मामांनी तिला वर्षानुवर्षं वैरण घातली, पाणी दाखवलं, पण त्यांनी कासेला हात लावला की ती लाथ झाडायची. हिवाळ्यापुरती ती माझ्या चुलतदिराच्या गोठ्यात बांधली होती. त्याची बायको धार काढायची, पण म्हैस पान्हा चोरायची. निम्मं दूध देई आणि निम्मं आत्तींसाठी राखून ठेवल्यासारखी आत ठेवी.

आत्तींनीच एक दिवस ठरवलं. "इकून टाका तिला. मला आता उकिडवं बसता येणार न्हाय. धार कोण काढणार? तिचे बी हाल, आपले बी हाल."

"इकायची?" मामा म्हणाले.

"मग काय करू? फ्लॅटात आणू?"

मामांनी खरंच बाल्कनीकडं एकदा बघितलं. मला ते दिसलं.

हातकणंगल्याकडचा एक गिऱ्हाईक ठरला. रविवारी तो टेम्पो घेऊन येणार होता. मी, नवरा आणि मामा असे तिघं सकाळी गाडीनं निघालो. आत्तींच्या सोबतीला काकू थांबल्या. मामांनी नवऱ्याचं नायलॉनचं जाकीट घातलं होतं आणि पायात स्लीपर होत्याच. नवऱ्यानं नुकतीच गाडीच्या सीटना चकचकीत कव्हरं घालून घेतली होती. वाटेत मामा नुसते सीटवर या कुशीवरून त्या कुशीवर होत होते. हे सगळं मला तेव्हा दिसत होतं, पण त्यातून काय होईल हे सुचलं नाही. क्लासमध्ये फळ्यावर सुचतं, गाडीत सुचत नाही.

गोठ्यापाशी गाडी थांबली. मामा सीटवरून घसरत उतरले आणि तडक म्हशीकडं गेले. दीड-दोन महिन्यांनी भेटत होते. म्हशीनंही मान वर केली. एरवी ती त्यांच्याकडं ढुंकून बघत नसे, पण त्या दिवशी तिनं, का कुणास ठाऊक, नाक पुढं केलं. ओलं, गार, चकचकीत नाक. मामांचे डोळे भरून आले.

"ओळखलंस व्हय मला?" ते म्हणाले, आणि त्यांनी तिच्या नाकाला हात लावला.

टच्.

एवढा मोठा आवाज मी आमच्या घरीही ऐकला नव्हता. म्हैस चारही पायांवर एकदम मागं सरकली, दावं ताणलं गेलं, आणि तिनं मामांकडं असं बघितलं की माझीच मान खाली गेली. वर्षानुवर्षांचा तिचा संशय खरा ठरला होता.

"आगं, मी न्हाय, ते जाकीट..." मामा म्हणाले. पण म्हशीला काय सांगणार?

तेवढ्यात गिऱ्हाईक आला. जाडजूड, मिशीवाला, बोलायला तिखट. त्यानं टेम्पो मागं घेत घेत शेताच्या बांधाला टेकवला, म्हणजे म्हैस बांधावर चढली की तशीच पुढं टेम्पोत जाईल. फळी टाकली. दावं सोडलं.

"चला, चढवा," तो म्हणाला.

म्हैस हलली नाही.

चुलतदिरानं दावं ओढलं. मग गिऱ्हाईकानं ओढलं. मग दोघांनी मिळून ओढलं. माझा नवरा मागून ढकलायला लागला. म्हशीनं पुढचे दोन्ही पाय जमिनीत रोवले, मान ताठ केली आणि डोळे मिटून उभी राहिली. दावं तारेसारखं ताणलेलं. सगळ्यांच्या कपाळाच्या शिरा फुगलेल्या. आणि तरी काहीच होत नव्हतं. कुणी पुढं नाही, कुणी मागं नाही. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, फोटो काढून घ्यायला उभे आहेत.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हे बघा, हे संतुलित बल आहे."

"काय?" गिऱ्हाईक दात-ओठ खात म्हणाला.

"तुम्ही पुढं जेवढा जोर लावताय तेवढ्याच जोरानं ती मागं रेटतीये. पायाखालची जमीन तिला धरून ठेवतीये. दोन्ही बलं सारखी आणि उलट दिशेला. म्हणून एकमेकांना मारतात आणि उरतं शून्य. त्यामुळं म्हैस हलत नाही."

"म्हैस हलत न्हाय हे दिसतंय की मला बाई!" तो ओरडला. "शून्य उरलंय तर तुमी तेवढं या की इकडं! शून्याचं एक तरी करा!"

तर्क बिनतोड होता. मी पदर खोचला आणि दावं धरलं. मामा बाजूला उभे होते. त्यांना हात लावायची सोय नव्हती. ते एक पाऊल पुढं आले की म्हैस एक पाऊल मागं जात होती.

"मामा, तुम्ही मागं जाऊन उभं राहा!" मला एकदम सुचलं. "ती तुम्हाला भिऊन पुढं पळेल!"

"मी?" मामा म्हणाले. दुखावलेला आवाज. पण गेले.

म्हशीनं मान वळवून बघितलं. मामा मागं आहेत हे तिला कळलं. आता ती पुढं पळणार, असं आम्हा सगळ्यांना वाटलं, आणि आम्ही सगळा जोर लावून ओढलं. पण म्हशीचा हिशेब वेगळा होता. तिनं पाय आणखी खोल रोवले आणि मामांवर एक नजर ठेवून जागच्या जागी थरथरत उभी राहिली. पुन्हा शून्य. फक्त आता जास्त दमवणारं शून्य.

नेमका त्या वेळी गिऱ्हाईकाचा फोन वाजला. त्यानं दावं सोडलं आणि खिशात हात घातला. "हॅलो?"

पुढचं सगळं एका दमात झालं. एका बाजूचं बल कमी पडलं आणि म्हैस मागं गेली. मागं म्हणजे, मागून ढकलत असलेल्या माझ्या नवऱ्याला घेऊन. नवरा शेणाच्या ढिगावर बसला. बसला म्हणजे, खुर्चीत बसतात तसा. चुलतदीर दाव्याबरोबर घसरत गेला, मी त्याच्यावर आणि दावं माझ्यावर. मामा तेवढे वेळेवर बाजूला झाले होते. म्हैस थांबली, तिनं सगळ्यांकडं एकदा बघितलं आणि शांतपणे रवंथ करायला लागली.

"व्हय, व्हय, म्हैस चढवाय लागलोय," गिऱ्हाईक फोनवर सांगत होता. "झालंच बघ."

आम्ही सगळे बसलो होतो तिथंच बसून राहिलो. नवऱ्याचा फोन वाजायला लागला. त्यानं त्यातल्या त्यात स्वच्छ राहिलेल्या दोन बोटांनी तो बाहेर काढला. काकूंनी व्हिडिओ कॉल लावून दिला होता. पडद्यावर आत्ती.

"गेली का रं ती?" आत्तींचा आवाज सगळ्या गोठ्यात घुमला.

म्हशीचे कान फिरले. रवंथ थांबलं.

"कुठाय? दाव मला तिला. आगं ये माझी बाय..."

आणि म्हैस निघाली. एवढा वेळ ज्या जागेवरून आम्ही चौघंजण तिला बोटभर पुढं हलवू शकलो नव्हतो, तिथून ती डौलात चालत नवऱ्याच्या हातातल्या फोनपाशी आली आणि तिनं पडद्यावर जीभ फिरवली.

गिऱ्हाईक खरोखर चलाख माणूस होता. तो ओरडला, "उठा! फोन घेऊन टेम्पोत चढा! पळा!"

नवरा उठला. फोन दोन्ही हातांनी पुढं धरून, उलटा चालत, बांधावर चढला, फळीवरून टेम्पोत गेला. म्हैस त्याच्या मागोमाग, फोनला चाटत चाटत. तिकडं आत्तींना नुसती जीभ दिसत होती आणि त्या "माझी सोन्या, माझी बाय, खाल्लंस का गं?" असं बोलत होत्या. म्हैस आत गेल्याबरोबर गिऱ्हाईकानं मागचा फाळका लावून कडी घातली. नवरा आतच राहिला.

"झालं!" गिऱ्हाईक हात झटकत म्हणाला.

टेम्पोतून आत्तींचा आवाज आला. वेगळाच. "कुठं हाय ती? ह्या पत्र्यात का हाय?"

"आई, टेम्पोत हाय. चढली," नवरा म्हणाला.

फोनमध्ये काही वेळ नुसता हुंदका. मग, "उतरवा तिला."

"आई, अगं तूच म्हणालीस..."

"म्हणालतो. आता म्हणत न्हाय. उतरवा म्हटलं न्हवं?"

मामांचा चेहरा असा उजळला की टेस्टर लावायची गरज नव्हती. ते गिऱ्हाईकाकडं वळले आणि आपल्या शेतातल्या आवाजात गरजले, "पावणं! मालकीणच न्हाय म्हणती! काढा कडी!"

"अवं, मी हातकणंगल्यासनं आलोय!"

"मग जेवून जावा की! तांबडा रस्सा करतो!"

फाळका उघडला. पण म्हैस आता उतरायला तयार नव्हती. तिला फोन हवा होता. आणि आत्तींनी रडत रडत इतका वेळ बोलून घेतलं होतं की फोन बंद पडला. चार्ज संपला. म्हैस टेम्पोत, नवरा टेम्पोत, त्याच्या पँटला लागलेलं शेण वाळत आलेलं. चुलतदिरानं फोन घरात नेऊन चार्जिंगला लावला आणि आम्ही सगळे टेम्पोभोवती बसून चहा प्यालो. गिऱ्हाईक आधी रागानं तोंड फिरवून बसला होता. मग त्यानं विचारलं, "वैनी, ते शून्याचं काय म्हणाल्तासा?" मी पुन्हा सांगितलं, या वेळी कप आणि बशीनं. तो बराच वेळ ऐकत राहिला.

फोन थोडासा चार्ज झाल्यावर आत्तींना पुन्हा लावला आणि म्हैस त्यांच्या आवाजामागं गोठ्यात परत गेली. गिऱ्हाईक खरंच जेवला, भरपूर जेवला, आणि निघताना मामांना म्हणाला, "पावणं, तुमी म्हैस न्हाय, घरातलं माणूस इकाय काढल्तं." मग टेम्पोत बसून निघून गेला.

पुढं उन्हाळ्यात आत्ती गावी गेल्या. डॉक्टरांनी उकिडवं बसायला मनाई केली होती, स्टुलावर बसायला नव्हती. हे कुणी विचारलंच नव्हतं. आता त्या स्टुलावर बसून धार काढतात आणि म्हैस पान्हा चोरत नाही. मामांना मात्र ती अजून हातभर लांबच ठेवते. ते गोठ्यात शिरताना लांबूनच तिला दोन्ही तळहात उघडून दाखवतात.

पण त्या रविवारी परत येताना मामा खूश होते. पुढच्या सीटवर ताठ बसले होते. हायवेला लागल्यावर ते अचानक मागं वळले.

"पोरी, तू म्हणालीस, जास्त झालेलं जमिनीत जातं."

"हो मामा."

"समद्यांचं?"

"सगळ्यांचं. विजेचंसुद्धा."

"मग जमीन भरत न्हाय व्हय?"

मी म्हटलं, नाही मामा, जमीन खूप मोठी आहे. आणि कुठं जास्तीचं आत जातं, कुठं कमी असेल तिथं बाहेर येतं, सगळं मिळून पुन्हा सारखं होतं. त्यांनी बाहेर बघत विचार केला. दोन्ही बाजूंना ऊस होता.

"जमीन कामाची हाय," ते म्हणाले, जसं काय नवीन सून बघून आले होते. मग त्यांनी काच खाली केली, कारण माझ्या नवऱ्याच्या पँटचा वास आता कुणालाच सोसवत नव्हता.